सुतार बाप, सूत कातणारी आई

नाताळच्या सुमारास वसईत किंवा गोव्यात एखाद्या ख्रिस्ती घरी गेलं, की ‘पवित्र कुटुंबा’चं चित्र बहुतेक वेळा भिंतीवर दिसतं. मरिया, योसेफ आणि दोघांच्या मध्ये लहानगा येशू. योसेफाच्या हाताशी करवत नाहीतर रंधा, मरियेजवळ सूत किंवा शिवण, जमिनीवर लाकडाच्या ढलप्या. हे चित्र पाहून कुतूहलाने बायबल उघडणारा माणूस मात्र अडतो. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो सुतार होता एवढं कळतं, तेही ओझरतं. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला, आईवडिलांना सापडला आणि नाझरेथला परतून त्यांच्या आज्ञेत वागला, इतकं लूक सांगतो. त्यानंतर येशू दिसतो तो एकदम तिशीतला. घर कसं होतं, कोण कोणतं काम करायचं, जेवताना कोण कुठे बसायचं, यावर अवाक्षर नाही. मग चित्रांतला हा भरला संसार आला कुठून?

त्याचा बराच मोठा भाग आला तो साधारण १५७० ते १६७० या शंभर वर्षांत, युरोपातल्या छापील चित्रांमधून. कलेच्या इतिहासात या काळाच्या मुख्य शैलीला बरोक म्हणतात. पाहणाऱ्याच्या मनाला थेट हात घालणं, देवादिकांना त्याच्या डोळ्यांसमोर हाडामांसाचं करून उभं करणं, ही त्या शैलीची ओढ. शास्त्राने मोकळ्या सोडलेल्या जागा या चित्रांनी भरल्या, आणि भरताना त्या काळाला हवं असलेलं कुटुंब तिथे बसवलं. त्यात सर्वांत जास्त बदलला तो बाप.

१. पत्र्यावरून घराघरांत

आधी ही चित्रं बनायची कशी ते पाहू. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. ब्यूरिन नावाच्या टोकदार पोलादी हत्याराने त्यावर रेघा खोदायच्या. पत्र्याला शाई फासून वरवरची पुसून टाकली, की शाई फक्त खोदलेल्या रेघांत उरते. वर ओला कागद ठेवून जड रुळांच्या यंत्रातून दाबून काढला, की रेघांतली शाई कागद उचलतो. ही झाली कोरीव छपाई. दुसरी रीत आम्लाची: पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यात सुईने चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे मेण निघालं तिथलं तांबं आम्ल खातं. हिला एचिंग म्हणतात. हात मोकळा चालत असल्यामुळे ती चित्रकारांना आवडे. दोन्ही रीतींनी निघालेल्या चित्राला आपण मुद्राचित्र म्हणू.

चर्चमधलं रंगीत चित्र एका जागी असतं. पत्र्यावरून मात्र शेकडो, नीट जपला तर हजारांवर प्रती निघत. त्या जत्रेत विकल्या जात, प्रार्थनापुस्तकात ठेवल्या जात, भिंतीवर किंवा पेटीच्या झाकणाला आतून चिकटवल्या जात. १८९४ साली मुंबईत राजा रवि वर्म्याचा छापखाना सुरू झाल्यावर लक्ष्मी-सरस्वती जशा साध्या माणसाच्या देवघरात आल्या, आणि देवी कशी दिसते याची एक ठरावीक प्रतिमा मनात बसली, तेच काम युरोपात या काळ्या-पांढऱ्या कागदांनी आधी केलं होतं. चित्र घरात आलं आणि घराविषयी बोलू लागलं.

२. मोठा गोतावळा मागे पडला

१५०० च्या आसपासच्या जर्मनीत आणि फ्लँडर्समध्ये पवित्र कुटुंब म्हटल्यावर डोळ्यांसमोर तिघं येत नसत, मोठा गोतावळा येई. मध्ययुगातली एक लाडकी आख्यायिका अशी, की मरियेची आई अॅना हिची तीन लग्नं झाली. प्रत्येक लग्नातून एकेक मुलगी, आणि तिघींचंही नाव मरिया. धाकट्या दोघींची मुलं म्हणजे येशूचे पुढचे काही शिष्य. चित्रात आजी, तिचे तिन्ही नवरे, लेकी, जावई आणि पायांत घुटमळणारी नातवंडं असा सगळा मेळावा असे. लुकास क्रानाखने १५०९ मध्ये असं चित्र रंगवलं आणि त्याच सुमारास लाकडी ठशावरून छापलंही. नातेसंबंधांवर व्यापार, वारसा आणि प्रतिष्ठा उभी असलेल्या नगरवासीयांना हे चित्र आपलं वाटत असणार.

पुढे प्रोटेस्टंट पंथ उभा राहिला. संतांच्या ऐकीव कथांवर त्याने सडकून टीका केली. उत्तर द्यायला कॅथलिक चर्चने ट्रेंटची धर्मपरिषद भरवली. ती १५४५ ते १५६३ अशी थांबत थांबत चालली. डिसेंबर १५६३ मध्ये तिने ठरवलं, की चित्रांनी चुकीची शिकवण देता कामा नये आणि नव्या धाटणीच्या चित्राला बिशपची संमती हवी. त्याच्या महिनाभर आधी तिने लग्नाचाही नियम केला होता: धर्मगुरू आणि निदान दोन साक्षीदार यांच्यासमोर झालं तरच लग्न खरं. हे दोन निर्णय जवळजवळ ठेवून पाहिले, की पुढचा बदल समजतो. तीन नवऱ्यांची आजी आता अडचणीची ठरली. १५७० मध्ये लूव्हाँचा धर्मपंडित मोलानुस याने चित्रांवर लिहिलेल्या ग्रंथात अशा बिनआधाराच्या कथांची झाडाझडती घेतली. आणि चर्चने रीतसर लावलेल्या लग्नातून उभं राहिलेलं जोडपं आणि त्यांचं मूल हे नजरेच्या मध्यभागी आलं.

३. म्हातारा योसेफ तरुण झाला

पण तिघांच्या या घरात एक माणूस कमकुवत होता. मध्ययुगीन चित्रांतला योसेफ पांढऱ्या दाढीचा, कोपऱ्यात पेंगणारा. जर्मनीतल्या विल्डुंगेनच्या वेदीवर कोन्राड फोन सोएस्टने १४०३ मध्ये रंगवलेला योसेफ जमिनीवर वाकून चुलीत फुंकर मारतोय. लोकनाट्यांत तर तो हसण्याचा विषय असे. त्याला म्हातारं करण्यामागे धर्माचं कारण होतं: मरियेच्या कौमार्याविषयी कुणाच्या मनात शंका येऊ नये.

याविरुद्ध पहिला जोरदार आवाज पॅरिस विद्यापीठाचा कुलपती झाँ जेर्सों याने उठवला. १४१६ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत त्याने योसेफाची बाजू मांडली. त्याचा मुद्दा व्यवहाराचा होता. बायको आणि तान्ह्या बाळाला घेऊन जो इजिप्तपर्यंत गेला, ज्याने हातांच्या कष्टावर घर चालवलं, तो थकलेला म्हातारा कसा असेल? जेर्सोंचं लगेच कुणी मनावर घेतलं नाही. दीडशे वर्षांनी स्पेनमध्ये आविलाची संन्यासिनी तेरेसा हिने योसेफाला आपला पाठीराखा मानलं आणि १५६२ मध्ये काढलेल्या पहिल्या मठाला त्याचं नाव दिलं. १६२१ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १९ मार्च हा त्याचा सण सर्वत्र पाळायला लावला. चित्रकार वेलास्केसचा गुरू आणि सासरा फ्रान्सिस्को पाचेको याचा चित्रकलेवरचा ग्रंथ १६४९ मध्ये निघाला. त्यात त्याने चित्रकारांना बजावलं, की योसेफ तिशीच्या थोडा पुढचा दाखवा.

मुद्राचित्रांनी हा नवा योसेफ गावोगाव नेला. इटालियन चित्रकार बारोच्ची याच्या एका चित्रात इजिप्तच्या प्रवासात थांबलेलं कुटुंब आहे. योसेफ हसत चेरीची फांदी बाळापुढे धरतो आणि बाळ हात पुढे करतं. कोर्नेलिस कोर्टने १५७५ मध्ये ते तांब्यावर कोरलं. मला हे चित्र फार महत्त्वाचं वाटतं. बाप मुलाला खाऊ देतोय, एवढीच घटना. पण आधीची कित्येक शतकं जो माणूस मायलेकरांकडे पाठ करून बसला होता, त्याचे डोळे इथे मुलाच्या डोळ्यांना भिडले आहेत.

४. अँटवर्पचं कामसू घर

मुद्राचित्रांचा सर्वांत मोठा बाजार अँटवर्पला होता, आणि तिथल्या कोरक्यांत वीरिक्स भावांचं नाव पुढे: योहानेस, हिएरोनिमुस आणि अँटोनिउस. १६०० च्या आसपास हिएरोनिमुसने येशूच्या बालपणावर छोट्या चित्रांची मालिका काढली. तळहातावर मावेल एवढ्या कागदावर सगळं घर आहे. योसेफ लाकूड कापतो, घर उभारतो, एका चित्रात होडी बांधतो. मरिया सूत कातते. बाळ येशू केर काढतो, ढलप्या वेचतो, बापाच्या कामाला हात लावतो. छोटे पंखवाले देवदूत मदतीला आहेत. रिकामा बसलेला एकही जण नाही.

ही कल्पना एकट्या हिएरोनिमुसची नव्हे. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५११ मध्ये ग्रंथरूपाने निघालेल्या मरियाचरित्रातही योसेफ लाकूड तासतो आणि मरिया पाळण्याशेजारी कातते. पण ड्यूररचं बाळ पाळण्यात झोपलेलं आहे. वीरिक्सचं मूल कामाला लागलेलं आहे.

या मालिकेतून आदर्श वाचून काढायचा असेल तर तीन प्रश्न विचारावेत.

कोण काय करतं? पुरुषाचं काम लाकडाचं, बाईचं काम धाग्याचं. कातणं हे युरोपात सद्गुणी स्त्रीचं जुनं चिन्ह. पण अँटवर्पच्या बायका फक्त कातत नव्हत्या. हिएरोनिमस कोक हा तिथला बडा चित्रप्रकाशक १५७० मध्ये वारला आणि त्याची विधवा फोल्क्सकेन डिएरिक्स हिने १६०० मध्ये मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, तो धंदा चालवला. हिशेब, पत्रे, कोरके, विक्री, सगळं. ज्या व्यवसायातून सूत कातणारी मरिया घराघरांत गेली, त्याच व्यवसायाच्या गल्ल्यावर बसलेली बाई चित्रात कुठेही नाही.

कोण नाही? त्या काळच्या खऱ्या सुताराच्या घरात आईबाप आणि मूल एवढीच माणसं क्वचित असत. शिकाऊ पोरं तिथेच जेवत-झोपत, मोलकरीण असे, कारागीर असे, कधी विधवा बहीण. चित्रात त्यांची कामं देवदूत करतात. माझ्या मते देवदूतांचा हा उपयोग नेमका आहे: घर काम करतं असं दाखवायचं, पण त्यात परकं माणूस दिसू द्यायचं नाही.

आणि काय घडत नाही? कुणी मरत नाही. त्या शतकात जन्मलेल्या बाळांपैकी सुमारे चौथा हिस्सा वर्षाच्या आत जाई. बाळंतपणात आया जात, बाप पुन्हा लग्न करत, सावत्र भावंडं एकत्र वाढत. शहरातल्या सुखवस्तू घरांतली तान्ही बाळं खेड्यातल्या दाईकडे पाठवली जात, विशेषतः फ्रान्समध्ये. म्हणूनच स्वतः पाजणाऱ्या मरियेचं चित्र हा उपदेशही होता. आणि तो कॅथलिकांपुरता नव्हता. हॉलंडचा प्रोटेस्टंट कवी याकोब काट्स याने १६२५ मध्ये विवाहावर मोठा ग्रंथ काढला. कुमारिका, वाग्दत्ता, वधू, पत्नी, माता, विधवा अशा पायऱ्यांनी तो स्त्रीला कर्तव्यं सांगतो, आणि जी मूल जन्माला घालते पण पाजत नाही ती अर्धीच आई, असं बजावतो. तोही मुद्राचित्रांनी सजलेला होता आणि प्रचंड खपला.

फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये बालपण आणि कौटुंबिक जीवन यांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात अशा चित्रांचा पुराव्यासारखा उपयोग केला: घर आणि मूल चित्रांत वाढू लागले, म्हणजे कुटुंबाविषयीची भावना घट्ट होत होती. नंतरच्या अभ्यासकांनी त्याला हटकलं. चित्रात मूल दिसलं नाही म्हणून आईबापाला माया नव्हती असं कसं ठरेल? मला ही हरकत पटते. चित्रावरून घरातलं वागणं सिद्ध होत नाही. कोणतं वागणं कौतुकाचं मानलं गेलं, ते मात्र खात्रीने कळतं. वीरिक्स भावांचंच पाहा. त्यांना काम देणारा प्रकाशक प्लांटिन पत्रांत तक्रार करतो, की ही मंडळी चार दिवस काम करतात आणि मिळालेले पैसे दारूच्या गुत्त्यात उडवतात. त्यांना शोधून, देणी भागवून परत आणावं लागतं. शिस्तीच्या घराचं इतकं जिवंत चित्र कोरणाऱ्या हातांना ते घर किती लांबचं वाटत असेल!

५. जेवणाचं मेज

लोरेन प्रांतातल्या नान्सीचा झाक कालो याने १६२८ च्या सुमारास पवित्र कुटुंबाला रात्रीच्या जेवणाला बसवलं. साधं मेज, थोडा उजेड, आणि योसेफ लहानग्या येशूच्या तोंडाशी पेला धरतो. सोबतच्या लॅटिन ओळी सांगतात, की बाळा, हा पेला पी. याहून वेगळा एक पेला पुढे तुझी वाट पाहतोय. तो दुसरा पेला म्हणजे क्रूसावरचं मरण. रोजचं जेवण आणि मुक्तीची कथा एका घोटात आली, आणि पेला बापाच्या हातात आहे.

पॅरिसमध्ये १६३५ च्या आसपास आब्राम बोस याने जेवणाचं आणखी एक चित्र काढलं. बोस प्रोटेस्टंट, म्हणून त्याच्या चित्रात येशू-मरिया नाहीत. त्या काळच्या कपड्यांतलं सधन कुटुंब हात जोडून जेवणाआधीची प्रार्थना करतंय आणि भिंतीवर दहा आज्ञा लावल्या आहेत. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की पंथांचं भांडण दूर राहतं आणि समान धागा दिसतो. घर ही उपासनेची जागा आहे, आणि ती चालवणारा पुरोहित म्हणजे बाप. कॅथलिकाने तो योसेफात पाहिला, प्रोटेस्टंटाने स्वतःत.

६. बाप आणि राजा

यात राज्यकर्त्यांचाही लाभ होता. फ्रान्सचा तेरावा लुई याने १६३९ मध्ये लग्नांविषयी जाहीरनामा काढला. त्याचा आशय असा, की मुलांच्या मनातला आईबापांविषयीचा आदर हाच प्रजेच्या राजनिष्ठेचा दुवा आहे. सरळ हिशेब होता: घरात आज्ञा पाळायला शिकलेलं मूल पुढे राजाची पाळतं. १६६१ मध्ये चौदाव्या लुईने योसेफाचा दिवस राज्यभर सुट्टीचा केला. व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग घराण्याने त्याला आपला रक्षक मानलं आणि १६७८ मध्ये जन्मलेल्या राजपुत्राचं नाव योसेफ ठेवलं. तोपर्यंत त्या घराण्यात एकही सम्राट या नावाचा नव्हता.

लूकच्या गोष्टीतलं ते ‘आज्ञेत वागला’ आता चित्रांचा विषयच झालं. साक्षात देवपुत्र सुताराचं ऐकतो, मग तुम्ही कोण? माझ्या दृष्टीने यातली कणव आणि जरब या दोन्ही खऱ्या आहेत, आणि एकीला खोटं ठरवून दुसरी समजत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला या चित्राने सांगितलं, की तुझा भुसा, तुझी करवत पवित्र आहे. तेच चित्र त्याला त्याची जागाही दाखवत होतं.

७. आम्स्टरडॅमची खिडकी

आता १६५४ मधलं, रेम्ब्राँटचं एक एचिंग. पोस्टकार्डाएवढंच आहे. मरिया जमिनीवर बसून बाळाला गालाशी धरते. तिची बसण्याची ढब इटालियन चित्रकार मान्तेन्या याच्या जुन्या मुद्राचित्रावरून घेतली आहे, पण खोली डच आहे. एक मांजर तिच्या झग्याच्या काठाशी खेळतंय. पायाखाली साप आहे, पापाचं चिन्ह. मस्तकामागे वेगळं तेजोवलय काढलेलं नाही; खिडकीच्या काचेची गोल नक्षीच नेमकी तिथे येते. आणि योसेफ? तो घराबाहेर उभा आहे, खिडकीतून आत पाहतोय.

रेम्ब्राँटची पहिली पत्नी सास्किया १६४२ मध्ये गेली होती. तिच्या मृत्युपत्रामुळे दुसरं लग्न केल्यास तिच्या संपत्तीवरचा त्याचा हक्क जाणार होता. हेंड्रिक्ये स्टोफेल्स त्याच्या घरी लग्नाशिवाय राहत होती. १६५४ च्या उन्हाळ्यात चर्चच्या मंडळाने तिला बोलावून घेतलं, व्यभिचाराचा ठपका ठेवला आणि प्रभुभोजनातून वगळलं. ती तेव्हा गरोदर होती. ऑक्टोबरमध्ये कोर्नेलियाचा बाप्तिस्मा झाला. हे चित्र म्हणजे त्या घराची कैफियत आहे असं मी म्हणणार नाही, तसा कागद कुठेही नाही. पण आदर्श कुटुंबाचं माप त्या वर्षी कुणाला लावलं गेलं आणि कोण बाहेर ठेवली गेली, हे या चित्राशेजारी वाचलंच पाहिजे.

८. गोव्यामार्गे फतेहपूर सीक्री

ही मुद्राचित्रं जेझुइट पाद्र्यांच्या पेट्यांतून भारतातही आली. १५७९ च्या अखेरीस रोदोल्फो अक्वाविवा, अंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस गोव्याहून निघाले आणि १५८० मध्ये अकबराच्या दरबारी पोचले. अँटवर्पला प्लांटिनने छापलेलं बहुभाषी बायबल त्यांनी नजर केलं. त्याची मुखपृष्ठं मुद्राचित्रांनी सजलेली होती. पुढे जहांगीरच्या काळापर्यंत वीरिक्स भावांची आणि ड्यूररची कामं मुघल चित्रकारांच्या हाती येत राहिली, आणि त्यांनी ती आपल्या रंगांत उतरवली. अबुल हसन याने १६०० मध्ये ड्यूररवरून केलेला संत योहान प्रसिद्ध आहे. तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा पोर होता.

या चित्रकारांनी काय उचललं आणि काय सोडलं, ते पाहण्यासारखं आहे. मरिया आणि बाळ पुन्हा पुन्हा येतात. १६११ मध्ये लाहोर पाहिलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच राजवाड्यातल्या दारांवर येशू आणि मरिया यांची चित्रं असल्याचं लिहून ठेवतो. करवत चालवणारा योसेफ त्या मानाने फार क्वचित. मुघलांना मरियेत आपली ओळखीची एक स्त्री दिसत होती. अबुल फजलच्या अकबरनाम्यात घराण्याची आदिमाता अलानकुवा हिची कथा आहे: ती विधवा होती, आणि तंबूत शिरलेल्या दिव्य प्रकाशाने तिला गर्भ राहिला. बादशहाच्या वंशाला प्रकाशातून झालेली आई हवी होती. कष्टाळू, आज्ञा करणारा, मुलाला हाताशी धरून काम शिकवणारा बाप ही अँटवर्प आणि पॅरिसमधल्या कारागिरांची, धर्मगुरूंची आणि राजांची गरज होती, आणि आग्ऱ्याच्या चित्रशाळेत तो बाप कुणी मागितला नाही.